ऊन, मळभ, वळीव: कोकणातल्या चैत्र-वैशाखात परसातलं फळ वाया न घालवता कसं खावं

फाल्गुन सरत आला की आमच्या राजापूरकडच्या परसात एका आठवड्यात तीन ऋतू भेटतात. सोमवारी पहाटे इतकं दंव की काजूच्या पानांवरून टपटप पाणी गळतं. बुधवारी दुपारी अंगाची लाही होते. शनिवारी दक्षिणेकडून काळं येतं आणि दोन-दोन दिवस मळभ हटत नाही. झाडांवर नेमक्या याच दिवसांत कैऱ्या, ओले काजू, फणसाच्या कुयऱ्या (कोवळे फणस) असतात आणि मागोमाग करवंदं, जांभळं, रातांबे (कोकमाची फळं) येतात. चार दिवसांसाठी मुंबईहून येणाऱ्या माझ्या नणंदा आणि भाच्या दरवर्षी विचारतात, "वहिनी, कधी काय काढायचं आणि काढल्यावर त्याचं करायचं काय?" त्यांना तोंडी सांगते तेच इथे नीट लिहून काढते आहे.

सासूबाईंच्या हाताखाली मी एक गोष्ट शिकले. आपल्याकडे फळाच्या प्रत्येक अवस्थेसाठी पदार्थ आहे. गोटीएवढी कैरी, अंड्याएवढी कैरी, कोय धरलेली कैरी, चौदा आणे (म्हणजे काढण्याइतका तयार) झालेला आंबा, प्रत्येकीची बरणी वेगळी. फळ कुठल्या अवस्थेत आपल्या हाती पडणार एवढंच हवा ठरवते. म्हणून कॅलेंडरवर बेत आखू नका. सकाळी अंगणात उभं राहून हवा बघा आणि मग ठरवा.

आधी वारा ओळखा

पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि ऊन चढलं की समुद्राकडून खारा वारा सुटतो. खारा वारा अकराच्या सुमाराला अंगाला लागला तर दिवस सोसवेल असा जातो. बारा वाजून गेले तरी पूर्वेचा कोरडा वाराच चालू असेल तर त्या दिवशी तापणार हे धरून चाला. मार्चमधली किनाऱ्यावरची उष्णतेची लाट बहुधा अशीच येते: पूर्वेचा गरम वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला उशीर होतो. हवामान खात्याच्या हिशेबानं किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांवर गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की उष्णतेची लाट मानतात. मैदानी भागात हाच आकडा ४० आहे. सदतीस म्हणजे काय मोठंसं, असं घाटावरच्या पाहुण्याला वाटतं, पण आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि झाडालाही ते ऊन सोसत नाही.

मोबाइलवर 'मेघदूत' ॲप ठेवा. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, तो तिथे मराठीत वाचता येतो. विजांसाठी 'दामिनी' आहे. आम्ही आता वाळवण घालायच्या आदल्या रात्री हा सल्ला बघितल्याशिवाय सूप हातात घेत नाही.

फळ झाडावर असताना

उन्हाचा चटका बसला की कैऱ्या गळतात. दारात दोन-चार कलमं असतील तर फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्या, असं तीन-चार वेळा. पाणी खोडाशी ओतू नका, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथल्या आळ्यात सोडा. मग त्या आळ्यात वाळलेला पालापाचोळा, गवत किंवा नारळाची सोडणं पसरा. सोडणं पालथी घातली की खालची माती आठवडाभर ओल धरते. या आच्छादनाचा आणखी एक फायदा आहे. हापूस कापल्यावर आत जो पांढरट, आंबट साका निघतो, त्याला तापलेल्या जमिनीकडून वर येणारी उष्णता बरीच कारणीभूत असते. जमीन झाकलेली असली की साका कमी होतो.

फळ गोटीपासून अंड्याएवढं होईपर्यंत त्याला कागदी पिशवी बांधता येते. साधारण २५ बाय २० सेंटिमीटरची वर्तमानपत्राची पिशवी चालते. ऊन आणि फळमाशी दोन्हींपासून बचाव होतो. दोनशे फळांना पिशव्या बांधणं बागायतदाराला मजुरीचं काम वाटेल, पण घरच्या कलमावरची हाताशी येणारी चाळीस-पन्नास फळं एका संध्याकाळी मुलांना घेऊन सहज बांधून होतात.

कधी फेब्रुवारीत अचानक पुन्हा थंडी पडते आणि फळं धरलेल्या फांदीवर दुसऱ्यांदा मोहर फुटतो. याला पुनर्मोहर म्हणतात. मोहर भरघोस दिसतो म्हणून आनंद होतो, पण झाडाची ताकद नव्या मोहराकडे जाते आणि आधीची वाटाण्याएवढी फळं गळतात. असं वर्ष असेल तर कैऱ्यांचे बेत उशिरा धरा. मळभाच्या दिवसांत तुडतुडे, भुरी आणि करपा वाढतो हे खरं, पण घरात खायच्या दोन झाडांवर घाईघाईनं औषध मारण्यापेक्षा रोगट मोहर आणि सुकलेल्या काटक्या काढून झाडात हवा खेळती ठेवावी, हे माझं मत. फवारणी करायचीच असेल तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून करा आणि फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही ते नक्की विचारा.

वादळात पडलेल्या कैऱ्या

वळवाचा वारा सुटला की कौलांवर कैऱ्या पडायला लागतात. पहिली पडते तेव्हा दगड पडल्यासारखा आवाज येतो आणि सासूबाई झोपेतूनच म्हणायच्या, "अगो, टोपल्या काढून ठेव." मात्र विजा चमकत असताना झाडाखाली जाऊ नका. कैरी सकाळपर्यंत कुठे जात नाही. पाऊस थांबल्यावर, उजाडल्या उजाडल्या, ऊन चढायच्या आत गोळा करा. ओल्या मातीत पडलेल्या कैरीला देठाशी चीक लागलेला असतो आणि त्याला मातीचे कण चिकटलेले असतात. दोन पाण्यांत धुऊन फडक्यावर पसरा.

मग तीन ढीग करा. सगळं यश या कामात आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पहिला ढीग फुटलेल्या, चिरलेल्या कैऱ्यांचा. त्या आजच संपवायच्या. फुटका भाग काढून उरलेलं किसा. ओल्या खोबऱ्याबरोबर चटणी, नाहीतर गूळ, तिखट घालून तक्कू करा. चैत्रगौरीचे दिवस असतील तर आंब्याची डाळ करा: हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून जाडसर वाटा, किसलेली कैरी, मीठ, साखर घाला आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी.

दुसरा ढीग बाहेरून धड दिसणाऱ्या पण मार लागलेल्यांचा. बोटानं दाबत गेलं की एका ठिकाणी कैरी मऊ लागते, तिथलं साल जरा काळपट दिसतं. या दोन दिवसांत वापरा. कोय धरलेल्या असतील तर उकडून पन्हं करा. उकडलेला गर एक वाटी असेल तर गूळ दीड ते दोन वाट्या, चवीपुरतं मीठ, वेलची. पाणी न घालता हा गर फ्रीजमध्ये ठेवला की आठवडाभर लागेल तसा काढता येतो. मेथांबाही याच ढिगाचा: तेलात मेथीदाणे लाल करून, कैरीच्या फोडी परतून, त्या मऊ झाल्या की गूळ आणि तिखट. गूळ आधी घातला तर फोडी दडस राहतात.

तिसरा ढीग अगदी धड, टणक कैऱ्यांचा. यातल्या लहान, आंबट रायवळ कैऱ्या खारात घाला. कैऱ्या पुसून पूर्ण कोरड्या करा. किलोला पाव किलो जाडं मीठ. चिनीमातीच्या नाहीतर काचेच्या बरणीत मीठ-कैरी-मीठ असे थर द्या, उकळून पूर्ण गार केलेलं पाणी कैऱ्या बुडतील इतकं घाला आणि वर स्वच्छ बशी ठेवून त्यावर वजन द्या. पाण्याच्या वर आलेल्या कैरीला बुरशी धरते आणि ती बरणीभर पसरते. दुसऱ्या ढिगातली एकसुद्धा मऊ कैरी यात जाऊ देऊ नका. माझी एक अख्खी बरणी अशीच गेली. झाकण उघडलं तेव्हा खार बुळबुळीत झाला होता. महिनाभरात कैऱ्या मुरतात, आणि श्रावणात गरम पेजेबरोबर त्यातली एक मिळाली की दुसरं तोंडीलावणं लागत नाही.

कडक ऊन असेल तर तिसऱ्या ढिगातल्या उरलेल्यांची आंबोशी करा. साल काढून पातळ कापं, मीठ-हळद चोळून सुपात, तीन-चार उन्हं. मळभाचं चिन्ह असेल तर आंबोशीच्या नादी लागू नका, सगळ्या कैऱ्या खारात घाला.

ओले काजूगर

काजूचं बी पूर्ण आकाराचं झालं पण टरफल अजून हिरवं आणि कापता येईल इतपत आहे, तेव्हाच ओला गर मिळतो. ही अवस्था एका झाडावरही सगळ्या बियांना एकदम येत नाही, म्हणून रोज थोडे काढा. तापत्या आठवड्यात टरफल लवकर कडक होतं. अशा वेळी दोन दिवस थांबलात तर गर हातचा गेला.

टरफलात झोंबरं तेल असतं. ते त्वचा जाळतं, काळे डाग पाडतं, कातडी सोलवटते. म्हणून:

१. दोन्ही हातांना, मनगटापर्यंत, खोबरेल तेल चोपडा. हातमोजे असतील तर तेलावर ते घाला. शेजारी चुलीची राख ठेवा.

२. विळीवर बी लांबीत उभं धरून दोन भाग करा. दाबून कापू नका, तेल उडतं. डोळे विळीच्या थेट वर आणू नका.

३. टोकदार काडीनं गर उचका. तो टरफलाला घासू देऊ नका. बोटं ओशट झाली की राखेत घोळवा आणि पुसा.

४. गर कडक गरम पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा. वरची गुलाबी-तपकिरी साल सुटते आणि अंगठ्यानं ढकलली की निघते. दोन पाण्यांनी धुवा.

५. काम संपेपर्यंत तोंडाला, डोळ्यांना हात लावायचा नाही. लहान मुलांना या कामात बसवू नका. तेल लागलंच तर साबणानं धुऊन पुन्हा खोबरेल लावा. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धुवा आणि सरळ डॉक्टर गाठा.

उसळ करताना मसाल्याचा मारा करू नका. कांदा परता, गर टाका, झाकणावर पाणी ठेवून शिजू द्या, मग ओलं खोबरं आणि थोड्या धण्या-मिरीचं वाटण, मीठ, अगदी एवढासा गूळ. गर बोटानं दाबल्यावर दुभंगला की उतरवा. जास्त झाले असतील तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून, गार करून, कोरडे पुसून फ्रीझरमध्ये ठेवा. गणपतीत कामाला येतात.

झाडाखाली पडलेलं काजूचं पिकं बोंड (बीच्या वरचं रसाळ फळ) त्याच दिवशी खायचं. दुसऱ्या दिवशी ते आंबतं. घसा धरतो म्हणून लोक टाळतात. त्याच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, तुरटपणा उतरतो. पावसात भिजलेली सुकी काजू बी मात्र लगेच उन्हात पसरा, ढिगात राहिली की काळी पडते.

फणस आणि भाजी

कुयरी लहान असताना, आत आठळी कडक व्हायच्या आधी भाजीला काढा. सुरीला आणि हाताला तेल, चीक कापडानं पुसत जा. पिकल्या फणसाचे काटे पसरट होतात, थापटल्यावर पोकळ आवाज येतो आणि वास परसभर सुटतो. कापा (कडक गऱ्यांचा) खायला, बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) साठं, म्हणजे फणसपोळी, करायला. साठं थाळीत ओतायच्या दिवशी चारही बाजूंनी निळं आभाळ हवं. आठळ्या धुऊन, वाळवून कोरड्या मातीत पुरून ठेवा.

वायंगणातली (पावसाळ्यानंतर पाण्यावर केलेली) भाजी चैत्रात आवरती घ्यावी लागते. लाल माठाला ऊन लागलं की तुरे येतात आणि पान चिवट होतं, तेव्हा तुरा दिसायच्या आधी उपटा. वाफे नव्यानं करायचे असतील तर पडवळ, दोडकी, भेंडी लावा आणि दुपारच्या उन्हासाठी वर एखादा जुना झाप (विणलेली नारळाची झावळी) आडवा टाका.

आंबा आढीत घालताना

चौदा आणे झालेला आंबा ओळखायला देठाजवळ बघा. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर आलेले असतात आणि देठ किंचित खळग्यात गेल्यासारखा दिसतो. शंका आली तर बादलीभर पाण्यात सोडा. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. तरंगलेले लोणच्याला.

काढायचं काम सकाळी दहाच्या आत उरका. झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं), थोडा देठ राखून काढा. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे डाग पडतो. काढलेले आंबे उन्हात जमिनीवर ठेवू नका, सरळ सावलीत न्या. खोलीत भाताचा कोरडा पेंढा पसरून त्यावर एक थर आंबे, मग पेंढा, असे दोन किंवा तीनच थर. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळे हातात घेऊन बघा, पिवळे झालेले वर घ्या. साधारण आठ ते दहा दिवसांत आढी उतरते, तापत्या दिवसांत जरा आधीच.

मळभ असेल तर हा हिशेब बदलतो. पेंढा दमट होतो, आणि दमट पेंढ्यात देठाकडून काळं पडत जातं. त्या दिवसांत एकच थर लावा, खिडकी उघडी ठेवा, रोज बघा. पावसात भिजलेले आंबे तर पुसून, पंख्याखाली पूर्ण सुकवल्याशिवाय आढीत घालू नका. घाईसाठी कुणी कॅल्शियम कार्बाइडची पुडी सुचवली तर नाही म्हणा. त्यावर कायद्यानं बंदी आहे, आणि आढीतल्या आंब्याची चव त्याला येतही नाही.

रातांबे

हे फळ सगळ्यात उशिरा येतं आणि पावसाशी त्याची शर्यत असते. २०२५ साली २५ मे रोजीच मान्सून देवगडपर्यंत आला. त्याच्या आधीही आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. आमसुलांसाठी घातलेली माझी दोन सुपं सालं तिसऱ्या पुटावर (रसात बुडवून वाळवायच्या तिसऱ्या फेरीत) होती. घरात आणली, पंखा लावला, तरी चौथ्या दिवशी पांढरी बुरशी दिसली आणि सगळी झाडाच्या बुंध्याशी नेऊन टाकावी लागली. तेव्हापासून मी १५ मेनंतर आमसुलं घालत नाही, आणि आलेल्या रातांब्यांचे पहिल्या दिवसापासून तीन वाटे करते.

पहिला वाटा आमसुलांचा, फक्त खडखडीत ऊन असेल तर. लालबुंद रातांबे धुऊन, पुसून, मधून कापा. बिया आणि गर चिनीमातीच्या भांड्यात मिठात घाला. त्याचा जो रस सुटतो तो जपून ठेवा. सालं दिवसभर उन्हात. संध्याकाळी ती त्या रसात बुडवून ठेवा, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. असं पाच-सहा वेळा. प्रत्येक पुटाला रंग गडद होत जातो. शेवटी साल काळसर जांभळं, वाकवलं तर न मोडणारं आणि बोटाला न चिकटणारं झालं की आमसूल तयार. मध्येच मळभ आलं तर सालं रसात तशीच बुडवून ठेवा. खारट, आंबट रसात ती दोन दिवस टिकतात. ओलसर सालं सुपात पसरून उन्हाची वाट बघत राहिलात तर बुरशी ठरलेली.

दुसरा वाटा सरबताचा. सालीच्या वाट्या साखरेनं भरून काचेच्या बरणीत लावा, एक किलो सालीला दोन किलो साखर. तोंडाला फडकं बांधून बरणी खिडकीतल्या उन्हात ठेवा. सात-आठ दिवसांत साखर विरघळून पाक होतो. गाळून त्यात मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. एखाद-दुसरा ढगाळ दिवस आला तरी हे बिघडत नाही.

तिसरा वाटा आगळाचा, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसाचा. तो मी मुद्दाम मोठा ठेवते, कारण त्याला ऊनच लागत नाही. किलोभर सालींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लावून बरणीत ठेवा, रोज लाकडी चमच्यानं वर-खाली करा, आठवड्यानं गाळा. सोलकढीला वर्षभर पुरतं. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांतलं कुठलंच भांडं रातांब्याला लावू नका, आंबटपणानं ती भांडी उतरतात.

राहिल्या बिया. गर धुऊन त्या वाळवून ठेवा. पावसात कामं थंडावली की टरफल काढून आतला गर कुटा, पाण्यात उकळा आणि गार झाल्यावर वर जमलेली चरबी गोळा करून मुठीत दाबून गोळा वळा. हेच मुठेल. लावणीच्या चिखलात टाचांना भेगा पडल्या की रात्री निखाऱ्यावर जरासं वितळवून भरायचं.